चार अल्बम आणि एक कट्टी

परवा माळा आवरताना बुटाच्या खोक्यात जुन्या सीडी सापडल्या. सगळ्यात वर पेंटाग्रामची 'इट्स ओके, इट्स ऑल गुड'. बरेच दिवस लिहायचं टाळत होतो, म्हटलं आज लिहूनच टाकू.

पेंटाग्राम हा मुंबईचा बँड, 1994 साली सुरू झालेला. गायला विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरेआ, बेसवर पापल माने, ड्रम्सवर शिराझ भट्टाचार्य. 1996 चा 'वुई आर नॉट लिसनिंग' म्हणजे दणदणीत गिटार. 2002 च्या 'अप'मध्ये एकदम इलेक्ट्रॉनिक आवाज. मग 2007 ची ही सीडी आणि 2011 चा 'ब्लडीवूड'. पंधरा वर्षांत चार अल्बम, बस्स!

आमचाही एक बँड होता. हसू नका. 2003 साली, नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर), सावेडीत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही तिघं वाजवायचो. मी बेसवर. खरा वाजवणारा होता तो गिटारवाला. दीड वर्षानं तो एका ऑर्केस्ट्रात गेला. हळदी, लग्नं, गणपती... जिथे बोलावतील तिथे सिनेमाची गाणी. त्याच्या वडिलांचं काम सुटलं होतं, घरात पैसे हवे होते. हे मला माहीत होतं. तरी चारचौघांत म्हणालो, "विकला गेलास तू." तो काहीच बोलला नाही. गिटार पिशवीत घातली आणि जिना उतरून गेला. बँड तिथेच संपला, आणि मी मात्र सगळ्यांना सांगत राहिलो की बँड त्यानं मोडला.

2007 च्या दिवाळीत 'ओम शांती ओम' आला. लग्नसराईत प्रत्येक मांडवात तीच गाणी. 'आता हेच वाजवत असेल तो,' असं म्हणून मी नाक मुरडायचो. त्याच सुमारास पुण्याहून आलेल्या मावसभावानं ही सीडी दिली. ऐकली, वेडा झालो. मग नेट कॅफेत बसून वाचलं तेव्हा कळलं, की 'ओम शांती ओम'च्या विशाल-शेखरमधला विशाल तो हाच! इतकंच नाही, तर त्याच वर्षी रँडॉल्फनं मोनिका डोगराबरोबर 'शाइर प्लस फंक' नावानं वेगळाच अल्बम काढला होता. एकाच वर्षात एकाचा सिनेमा, दुसऱ्याचा वेगळा संसार, आणि वर बँडचाही अल्बम. कोणी कोणाला विकला गेलास म्हटलेलं दिसत नव्हतं.

मला वाटतं, बँडवर कुणाचं घर चालवायचा भार नव्हता, म्हणूनच त्यांना पाच-पाच वर्षांनी का होईना, मनासारखं वाजवता आलं. बाहेरच्या कामानं बँड मोडतोच असं नाही. आमचा मोडला तो माझ्या जिभेनं.

हे कळलं 2007 मध्ये. फोन करायला मात्र गेला महिना उजाडला. लाज वाटायची, दुसरं काय.

नंबर मिळवला, लावला. त्यानं आवाज ओळखला. मी "अरे, त्या दिवशी गच्चीवर..." असं सुरू केलं, तर मध्येच म्हणाला, "बेस आहे का अजून? शुक्रवारी केडगावला हळद आहे आणि आमचा बेसवाला आजारी पडलाय."

गेलो. दोन तास सिनेमाची गाणी वाजवली. बोटं सोलून निघाली, आणि सुरुवातीच्या तीन गाण्यांत मी चुकत होतो. तो दर वेळी माझ्याकडे वळून हळूच मान हलवायचा, पुढचा सूर कुठे आहे ते दाखवायला. गच्चीवर दाखवायचा ना, अगदी तसंच.

असो. माफी मागायची राहिलीच आहे. पुढच्या हळदीला बघू.