चाफ्याचं लेबल

डोकमर्डीच्या आमच्या घराच्या कुंपणापाशी एक पांढरा चाफा आहे. आजीने लावलेला. पपांना सिल्वासात यार्नच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा ती वसईहून ट्रेनने वापीला उतरली ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली चाफ्याची फांदी घेऊनच. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आपण ते पाहिलंय असंच वाटतं. खरं तर तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

यंदा एका मैत्रिणीबरोबर मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम बघायला गेले. ती बॉटनीची, मी साहित्याची. मला वाटलं, प्रार्थनेच्या पुस्तकात आपण फूल ठेवतो तसंच काहीतरी असेल. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर एथलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांच्या नावाचा हा संग्रह. पुढे स्पॅनिश फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर पालथे घातले. तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. फांदी कागदांत दाबून सुकवायची, जाड कागदावर बसवायची आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा, त्याचा क्रमांक.

"लेबल नसेल तर हा नुसता पालापाचोळा," मैत्रीण म्हणाली.

तिथेच कळलं की चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. पेरू, सीताफळ, चिकू, सगळी तिकडचीच मंडळी! चाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. कॅरिबियन बेटांवर झाडं शोधत फिरलेल्या शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच संन्याशावरून ते पडलं. निकाराग्वाचं तर ते राष्ट्रीय फूल. इथे मात्र तो देवळाच्या अंगणातही उभा आणि आमच्या सिमेटरीतही. त्याला कोणी विचारत नाही, "तू मूळचा कुठला?"

आम्हाला विचारतात. आडनाव ऐकून विचारतात, मराठी ऐकून पुन्हा विचारतात. वसईत गेलो की 'सिल्वासावाले' आणि सिल्वासात 'वसईवाले'.

घरी येऊन मी चाफ्याची फांदी दाबायला घेतली. घाईही होती. आजीला हल्ली आठवत नाही. कधी मला पपांच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. पण फांदी जाड, चिकाने भरलेली. रोज कागद बदलले तरी आठवड्यात ती काळी पडली, बुरशी आली, पानं गळाली. शेवटी टाकून दिली.

लेबल मात्र लिहिलंच. आजीजवळ बसले.

"आजी, चाफा कुठल्या साली लावलास?"

"तुझ्या पप्पाचं लगीन झालं, त्याच्या आदल्या पावसात."

म्हणजे १९९८. तिला आकडा सांगता आला नाही, पण पाऊस आठवला.

"आणि ठिकाण? वसई लिहू?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू विसरायला मलाच झालंय.

"झाड कुठं हाय?"

"इथंच. कुंपणाजवळ."

"मग तेच लिही की."

मी लिहिलं : पांढरा चाफा. डोकमर्डी, सिल्वासा. पावसाळा, १९९८. लावणारी : माझी आजी. क्रमांक १.

ते कार्ड आता तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. अधूनमधून ती ते काढते, वाचते आणि मला विचारते, "ही आजी कोणाची गं?"

मी सांगते, "माझी."