घड्याळ पुढे गेले, घर मागे राहिले

मार्च महिन्यातला दुसरा रविवार. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पहाटेचे दोन वाजतात आणि घड्याळात एकदम तीन होतात. मोबाइल आपोआप बदलतो. पण ओव्हनवरचे आणि भिंतीवरचे घड्याळ जुन्या वेळेलाच चिकटून बसते. ओव्हनवर नऊ, तर हातातल्या मोबाइलवर दहा! तिथल्या मराठी घरांत त्या दिवशी नाश्ता कोणता आणि जेवण कोणते, हेच कळेनासे होते.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इंधन वाचवण्यासाठी जर्मनीने ही पद्धत देशभर लागू केली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारतातही घड्याळे तासभर पुढे होती. आपल्याकडे आता त्याची गरज नाही. मुंबईचा दिवस वर्षभरात सुमारे अकरा ते सव्वातेरा तासांचा असतो. न्यू जर्सीत मात्र तो हिवाळ्यात सव्वानऊ तासांपर्यंत आक्रसतो आणि उन्हाळ्यात पंधरा तासांपर्यंत लांबतो.

काटे फिरवायला एक मिनिट पुरते, शरीराला मात्र काही दिवस लागतात. खरी परीक्षा सोमवारी असते. सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे मुले अंधारातच शाळेच्या बसची वाट पाहतात. रात्री साडेआठला त्यांना झोपवावे, तर त्यांच्या शरीराच्या हिशेबाने साडेसातच झालेले असतात. मग चिडचिड, रडारड आणि अर्धवट झोपेत गाडी चालवत कामावर निघालेले आईवडील!

यावर उपाय सोपा आहे. आधीच्या बुधवारपासून शनिवारपर्यंत जेवण, झोप आणि उठणे रोज पंधरा मिनिटे अलीकडे आणावे. सकाळी उठताच पडदे उघडावेत, कारण सकाळच्या उजेडानेच शरीर नव्या वेळेला लवकर सरावते. रात्री टीव्ही लवकर बंद करावा. भारतातून आलेले सासूसासरे किंवा आईवडील घरात असतील, तर इन्सुलिनसारख्या वेळेवर घ्यायच्या औषधांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळांत साडेदहा तासांचे अंतर असते, ते आता साडेनऊ तासांचे होते. दर रविवारी तिथे सकाळी साडेआठला केलेला फोन पुण्यात संध्याकाळी सातला वाजत असे. त्याच वेळी केला, तर तो आता सहालाच वाजतो. तेव्हा आई देवळात गेलेली असते. देवापुढे दिवा लावून ती सातला फोनजवळ येऊन बसते, तर फोन येतच नाही. मग नाही नाही ते विचार तिच्या मनात येतात. म्हणून मार्चपासून साडेनऊला फोन करावा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेआठवर यावे.

त्यासाठी स्वयंपाकघरात भारताची वेळ दाखवणारे एक घड्याळ लावावे आणि त्याला मात्र वर्षभर कुणी हात लावू नये.