मंगळवारचा उपास

2022 च्या नोव्हेंबरात आम्ही पोरांच्या शाळेला चार दिवस बुट्टी मारून गाडीनं म्हैसूरला निघालो. आखणी माझी, त्यामुळं पुढं जे झालं त्याचा दोषही माझाच.

रविवारी पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं. मागच्या सीटवर दोन पोरं, त्यांच्यामध्ये आई आणि आईच्या मांडीवर भडंगाचा डबा. कागल, निपाणी गेली, तवंदीचा घाट ओलांडला आणि पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. आईला त्याचं काही नाही. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, भाजीवालीशी भांडायला तिला दोन्ही भाषा पुरतात. बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी. सरळ रस्ता, सांगण्यासारखं फारसं काही नाही. दावणगेरेत मात्र बेण्णे डोसा खाल्ला. वर ठेवलेला पांढऱ्या लोण्याचा गोळा विरघळायच्या आत खाल्ला तरच त्याचा उपयोग. धाकटीनं लोणी आधी खाऊन टाकलं आणि कोरड्या डोशाबद्दल तक्रार केली.

मुक्काम चित्रदुर्गला. सोमवारी सकाळी किल्ला पाहिला. एकावर एक ठेवल्यासारखे अजस्र धोंडे आणि त्यांच्यामधून फिरणारी सात कोटांची तटबंदी. हैदर अलीचे सैनिक तटातल्या ज्या खिंडारातून आत येत होते, तिथं उभं राहून पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिनं एकेकाला मुसळानं लोळवलं, ही कथा गाइडनं हिंदीत सांगितली. आईनं त्या खिंडाराची रुंदी नजरेनं मापली आणि म्हणाली, "मुसळ फिरवायला जागा हाय की."

हिरियूरला बंगळूरचा हमरस्ता सोडून उजवीकडं वळलो. हुळियारच्या नारळाच्या बागा, नागमंगल, आणि पांडवपुराच्या अलीकडं एकदम ऊस. कोल्हापूरच्या माणसाला परमुलखातला ऊस दिसला की तो त्याला नावं ठेवल्याशिवाय पुढं जात नाही. मीही ठेवली. संध्याकाळी म्हैसूरला पोचलो.

मंगळवारी सकाळी साडेआठला प्राणिसंग्रहालयाच्या दारात उभे, आणि दार बंद. मंगळवारी ते बंद असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी हॉटेल बघितलं, रस्ते बघितले, टोल मोजले आणि वार तेवढा बघायचा राहिला. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आईची कळी मात्र खुलली. "मंगळवार देवीचा वार. आधी तिला भेटायचं सोडून जनावरं बघाय निघाला व्हय?" घरी असली की मंगळवारी अंबाबाईचं दर्शन आणि दिवसभर उपास, हे तिचं वर्षानुवर्षांचं. मग चामुंडीच्या डोंगरावर गेलो. रांगेत दीड तास गेला. उतरताना 1659 सालचा काळा नंदी पाहिला. साबुदाणा शोधून कुठं मिळेना, तेव्हा आईनं नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांवर दिवस काढला आणि केळ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

बुधवारी पुन्हा प्राणिसंग्रहालयाच्या दारात. 1892 साली चामराजेंद्र वडियार महाराजांनी हे सुरू केलं, तेव्हा ते राजघराण्याचं खासगी होतं. लोकांना ते दहा वर्षांनी खुलं झालं. आत शिरल्या शिरल्या जिराफ, म्हणजे पोरं तिथंच अडकली. पिशव्या तपासून प्लास्टिक बाहेर ठेवायला लावतात, त्यामुळं आत रस्ते स्वच्छ आणि झाडी दाट. आईला बॅटरीच्या गाडीत बसवलं. जर्मनीहून आदल्या वर्षी आलेल्या दोन गोरिलांपुढं थोरला पाऊण तास उभा होता. त्यातला एक आमच्याकडं पाठ करून बसला होता आणि ती पाठसुद्धा बघण्यासारखी होती.

पण आईला बघायचा होता चित्ता. त्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात नामिबियाचे चित्ते सोडले, ते टीव्हीवर बघताना ती एकदम म्हणाली होती, "ह्यात नवीन काय? आमच्या कोल्हापुरात होते की." खोटं नव्हतं. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार करवण्याचा मोठा शौक. डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून चित्त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचं, कळप दिसला की टोपी काढायची. आईचे वडील लहानपणी शहरात आले असताना त्यांनी चित्तेवानाच्या दोरीला बांधलेला, रस्त्यानं कुत्र्यासारखा चालणारा चित्ता पाहिला होता. पाळलेल्या चित्त्यांना पिल्लं जवळजवळ होतच नसत, म्हणून रानातले धरून आणायचे. तेही मिळेनासे झाले तेव्हा भावनगर आणि कोल्हापूर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. म्हणजे आजोबांनी पाहिलेला चित्ताही कदाचित परदेशीच असेल. हे मी आईला सांगितलं नाही.

म्हैसूरलाही 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून तीन चित्ते आले. आम्ही गेलो तेव्हा त्यांतला एक झाडाखाली आडवा. फक्त शेपटीचं टोक हलत होतं. लोक यायचे, "बिबट्या, बिबट्या" असं आपापल्या भाषेत म्हणायचे आणि निघून जायचे. बॅटरीगाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. आई उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

वीसेक मिनिटांनी तो उठला. आधी मागचे पाय ताणले, मग पुढचे. कमरेत इतका बारीक की आई म्हणाली, "ह्याला कुणी जेवाय घालत न्हाई काय?" डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ, काजळ ओघळल्यासारखी. बिबट्याला ती नसते. कुंपणाच्या कडेनं तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. आमच्याकडं बघितलंही नाही. त्याची नजर आमच्या पाठीमागं कुठंतरी लांब, जिथं माळ असायला हवा होता तिथं.

जवळच खाकी कपड्यातला एक कर्मचारी उभा होता. आईनं त्याला कानडीत गाठलं. किती खातो, काय खातो, किती वाजता. तो कौतुकानं सांगत होता. आमच्या पोरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आणि मग त्याच्या तोंडून दोन शब्द असे आले की दोघांनीही एकदम माना वळवल्या.

"मंगळवार उपवास."

आठवड्यातून एक दिवस या मांसाहारी प्राण्यांना खायला देत नाहीत. रानातही त्यांना रोज शिकार कुठं मिळते.

आईनं पदर सारखा केला, चित्त्याकडं एकदा नीट बघितलं आणि पोरांना म्हणाली, "चला, आता त्या गाडीवाल्याला जास्त ताटकळत ठेवू नका. मला बी कालपास्नं धड जेवण न्हाई."