रुळांचा राखणदार

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख. काळी कसदार जमीन, मृगाच्या पावसानंतर तिच्यातून वर येणारी पऱ्हाटी आणि दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटून पांढरी झालेली शिवारे, हे आमच्या भागाचे जुने वैभव. हा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत नेता यावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर असा लोहमार्ग बांधला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मँचेस्टरलाच १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून पुढे सत्तर वर्षे ही गाडी ओढीत होते. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवी सरकार आणि रूळ मात्र कंपनीचे, असा हा न्यारा कारभार होता. लोकांना त्याचे काय? त्यांनी गाडीला लाडाने ‘शकुंतला’ म्हणावयास सुरुवात केली आणि माहेरवाशिणीसारखी तिची वाट पाहिली.

या मार्गावर दारव्ह्याजवळ माझे आजोबा नोकरीस होते. ते इंजिन चालवीत नसत, तिकिटे देत नसत, की हिरवा कंदील हलवून गाडीला निरोपही देत नसत. ते कीमन होते. रोज पहाटे खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पाना, काखेत लाल व हिरवे निशाण, पिशवीत काही सुटे बोल्ट आणि धोक्याच्या वेळी रुळावर बांधावयाचे पटाखे एवढा सरंजाम घेऊन ते घराबाहेर पडत. त्यांच्या वाट्याचा रूळ ते जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने तपाशीत. रुळाला स्लीपरशी जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांवर हातोडा टेकवीत ते चालत. घट्ट बसलेली चावी ‘टण्ण’ असा खणखणीत आवाज देई. ढिली असली की तो आवाज बद्द येई. मग आजोबा थांबत, दोन घाव घालीत आणि पुन्हा चालू लागत. सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्या मागे स्लीपरांवरून उड्या मारीत जाई.

“बाबू, हे काळी जमीन मोठी लहरी हाय,” ते मला सांगत. “पाण्यात फुगते, उन्हात फाटते. वरून रूळ सरळ दिसते, पन खालून काय चाललं हाय ते पाहा लागते.”

खालून काय चालले आहे ते पाहण्याची ही सवय त्यांना रेल्वेने लावली नव्हती; ती त्यांनी लष्करातून आणली होती. १९४० साली दुसरे महायुद्ध सुरू असताना ते खडकीला सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर म्हणजे रस्ते मोकळे करणारा, पूल बांधणारा, सुरुंग शोधून निकामी करणारा सैनिक. फौज त्याच्या मागून चालते. आजोबांना आफ्रिकेत एरिट्रियाच्या डोंगराळ मुलखात जावे लागले. तेथे केरेन नावाच्या गावापाशी इटालियन सैन्याने घाटाची अरुंद वाट मोठमोठे दगड पाडून बंद केली होती. वरून गोळ्यांचा मारा चालू असताना सॅपर्सनी ते दगड दूर करून वाट उघडली आणि २७ मार्च १९४१ रोजी केरेन पडले. लढाईविषयी आजोबा फार बोलत नसत. पण त्या घाटातूनही एक अरुंद लोहमार्ग जात होता, हे ते आवर्जून सांगत. “आपल्या गाडीची मोठी बहीणच म्हन ना!” असे म्हणताना त्यांचे डोळे लकाकत. परक्या मुलखात, मरणाच्या छायेत, त्या रुळांनी त्यांना गावाची आठवण दिली असावी.

त्यांच्या तोंडी एक नाव वारंवार येई, ते प्रेमींद्रसिंह भगत यांचे. भगत हे त्या वेळी बॉम्बे सॅपर्समधील तरुण अधिकारी होते. १९४१ च्या आरंभी सुदान आणि इथिओपियाच्या सीमेवर, फौजेच्या अग्रभागी राहून, त्यांनी चार दिवसांत सुमारे ८८ किलोमीटरच्या वाटेवरील पंधरा ठिकाणचे सुरुंग शोधून काढविले. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरीही त्यांनी विश्रांती नाकारली. आता हे काम आपल्याला अधिक चांगले समजू लागले आहे, असे कारण त्यांनी दिले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांना त्या पदकापेक्षा नाकारलेल्या विश्रांतीचे मोल अधिक वाटे. “ज्याले जमीन समजली, त्यानंच पुढं चाला लागते,” एवढेच ते म्हणत.

युद्ध संपल्यावर ते गावी परतले आणि रेल्वेत लागले. बंदुकीची जागा हातोड्याने घेतली, पण चालणे तेच राहिले. पुढे एकट्याने चालावे, नजर जमिनीवर ठेवावी आणि मागून येणाऱ्यांची वाट निर्धोक करावी, हाच त्यांचा दोन्हीकडचा धर्म होता.

एका श्रावणातील सकाळ मला स्पष्ट आठवते. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. रात्रभर पाऊस कोसळला होता. आजोबा नेहमीपेक्षा लवकर निघाले. शाळेला सुट्टी असल्याने घोंगडीची खोळ घेऊन मीही सोबत गेलो. एका नाल्यावरील मोरीपाशी येताच ते थबकले. पाण्याच्या लोंढ्याने भरावाची माती आणि खडी वाहून नेली होती आणि सात-आठ स्लीपर रुळांसकट हवेत लोंबत होते. वरून पाहता मार्ग अगदी सरळ दिसत होता. आजोबांनी हातोडा माझ्या हाती दिला, मला टेकाडावर उभे केले आणि लाल निशाण घेऊन गाडी येणार होती त्या दिशेने ते धावत सुटले. वय पन्नाशी उलटलेले, पायाखाली चिखल, पण ते थांबले नाहीत. थोड्या वेळाने पटाख्यांचे आवाज झाले आणि दूरवर इंजिन कण्हत कण्हत उभे राहिले.

माणसे खाली उतरली. मला वाटले, आता सारे आजोबांना धन्यवाद देतील. तसे काही झाले नाही. कोणाची यवतमाळच्या कोर्टात तारीख होती, कोणाचा बाजार बुडत होता. “इतक्याशा खड्ड्यानं काय होनार होतं?” असे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले. आजोबांनी उत्तर दिले नाही. मुकादम आणि गँगची माणसे आली, तेव्हा तेही त्यांच्याबरोबर खडी भरू लागले. दुपार टळल्यावर गाडी हळूहळू मोरीवरून पलीकडे गेली. घरी परतताना मी म्हणालो, “आजोबा, लोक तुमच्यावर किती रागावले!”

ते हसले. “रागावाले मानूस जिता असा लागते, बाबू.”

त्या वेळी मला या बोलण्याचा अर्थ पुरता कळला नाही. पुढे कळला. घडलेल्या अपघाताची बातमी होते. न घडलेल्या अपघाताची होत नाही. सुरुंग काढून टाकला की ती जागा इतर जमिनीसारखीच दिसते. चावी घट्ट बसली की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांच्या कामाचे यश काहीच न घडण्यात असते, त्यांना शाबासकीची अपेक्षा ठेवून चालत नाही.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातही असेच एक न घडणे आहे. मी आठ वर्षांचा असताना माझे वडील आजारपणात वारले. घरात मिळवते माणूस आजोबाच. भावकीतील वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला की, पोराला एखाद्या शेतकऱ्याकडे गुरे राखायला ठेवावे, पुढे सालदार होईल, तेवढाच संसाराला हातभार. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी घरोघरी असेच घडे. आजोबांनी सर्वांचे ऐकून घेतले, पाहुण्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेत पोहोचवून ते रुळावर गेले. १९७३ साली ते निवृत्त झाले, तेव्हा माझे शिक्षण अर्धेच झाले होते. महिन्याभरात त्यांनी एका जिनिंगमध्ये रात्रीच्या पहाऱ्याचे काम धरले. पहाटे घरी आले की निजण्यापूर्वी ते माझी उजळणी घेत. मी एखाद्या ठिकाणी अडखळलो, तर ते रागावत नसत. “इथं ढिलं हाय,” एवढेच म्हणत आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच प्रश्न पुन्हा विचारीत.

पुढे मी एम. ए. झालो, शिक्षक झालो आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वर्गात शिकवताना हुशार मुलांच्या खणखणीत उत्तरांपेक्षा मागच्या बाकावरील बद्द आवाजाकडे माझे कान लागलेले असत. मुलाची शाळा सुटते ती एका दिवसात सुटत नाही. आधी कोठेतरी एक चावी ढिली झालेली असते. ती वेळीच ऐकू आली, तर दोन घावांत काम होते. अध्यापनशास्त्राचे ग्रंथ मी नंतर वाचले, पण हा पाठ मला रुळावर मिळाला होता.

आजोबा १९८८ साली गेले. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिनही निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. पुढे काही वर्षांनी गाडीच बंद पडली. आता आमच्या गावाजवळच्या त्या रुळांवर गवत माजले आहे. मात्र वर्धा, यवतमाळ, नांदेड असा नवा रुंद लोहमार्ग आकाराला येत असून, त्यातील वर्धा ते कळंब या टप्प्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी सुरू झाली. त्या गाडीचा वेग पाहून मुलांना आनंद होतो, आणि तो व्हावाच. मी मात्र खिडकीतून खाली पाहत असतो. रुळांच्या कडेने खांद्यावर हातोडा घेऊन चाललेला कोणी दिसला, की माझे हात आपोआप जोडले जातात.