पागोळीखालची बाटली

प्रकल्पात सगळ्यात अवघड काम म्हणजे शिक्षकाने गप्प बसणं. साहित्य जमवता येतं, वेळापत्रकात दोन तासिका काढता येतात. पण मूल डोळ्यांदेखत चुकत असताना तोंड कधी उघडायचं, हे निवृत्ती जवळ आली तरी मला पुरतं उमगलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीमुळे हा पेच पुन्हा उभा राहिला. आमच्या पासली गावात भाताची लावणी चालू असताना बाटलीचा पर्जन्यमापक एका रात्रीत भरून वाहतो. शाळेच्या अंगणातल्या बाटलीचा तळ आम्ही सिमेंटने सपाट केला होता. त्या मुलीला वाटलं, आपल्या वरच्या वस्तीवर पाऊस जास्त पडत असेल का? हा प्रश्न तिचा होता, मी पेरलेला नव्हता. तिने घरी बाटली लावली. आकडे येऊ लागले ते शाळेच्या दुप्पट-तिप्पट. बाटली पागोळीखाली ठेवली असणार, हे मी लगेच ओळखलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जीभ शिवशिवत होती. त्यात तिच्या शिकण्याची काळजी थोडी आणि मला कळलंय हे दाखवायची हौस जास्त. ‘गुरुजींना सगळं माहीत असतं’ हे ऐकायला मला आजही आवडतं. मी शाळेच्या आणि तिच्या नोंदींच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि वर्गाला आलेख काढायला लावला. एक मुलगा म्हणाला, ‘‘एवढा पाऊस पडला, तर तुमच्या खाचराचे बांध कसे टिकले गं?’’ ती चिडली. दुसऱ्या दिवशी बाटली मोकळ्यावर नेली, आणि दुसरी एक मुद्दाम पागोळीखालीच ठेवली. मग छप्पर मोजलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पडला की ५००० लिटर. एवढं पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात आईला हंडा घेऊन लांब का जावं लागतं, हा तिचा पुढचा प्रश्न.

त्या मुलाने विचारलंच नसतं तर? मी आणखी किती थांबलो असतो? विहिरीच्या काठावर किंवा विजेच्या तारेपाशी शिक्षकाने थांबायचं नसतं, पागोळीपाशी थांबता येतं. या दोहोंच्या मधली जागा फार मोठी आहे आणि तिथे मी रोज अडतो.

असं कामातून शिकणं आपल्याकडे नवं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि गावाच्या गरजेच्या कामांतून मुलांना शिकवलं. त्याच महाराष्ट्रात आज प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. पालक आणतात, आपण आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात गुण भरतो. मला याचा संताप येतो. शिक्षकमित्रहो, विकतच्या तक्त्याला गुण देणं या वर्षीपासून बंद करा.