त्रैक्य शिकवताना

पानिपत,
१८ जानेवारी

प्रिय सोनू,



तुझं पत्र मिळालं. नगरच्या शब्बाथशाळेत मोठ्या मुलांचा वर्ग तुझ्याकडे आला, हे वाचून मामीला आणि मला फार आनंद झाला. पहिल्याच महिन्यात त्रैक्याचा धडा निघाला, एका मुलाने विचारलं, "टीचर, म्हणजे दत्तासारखं का?" आणि तू गडबडलीस, असं लिहितेस. गडबडू नकोस. तीन शिरं आणि एक देह असलेली मूर्ती ज्याने शाळेच्या वाटेवर रोज पाहिली, तो दुसरं काय विचारणार? धडा त्याच्या मनात उतरला म्हणूनच प्रश्न बाहेर आला.

इथल्या आपल्या मुलांना उलट प्रश्न पडतो. पानिपतात आर्य समाजाचं वजन मोठं. शेजारी शीख कुटुंबं आहेत, बू अली शाह कलंदरांचा दर्गा गावातच आहे. ईश्वर एकच, हे मुलांच्या कानावर चहूबाजूंनी पडतं. मग वर्गातला मित्र विचारतो, "तुम्ही तीन देव मानता ना?" मूल ते घरी घेऊन येतं, आणि घरात बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "ते गूढ आहे, विचारू नये."

परवा १४ जानेवारीला आम्ही काला आंबला गेलो होतो. तिथल्या १७६१च्या रणभूमीवर त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसं येतात. परतताना ओळखीचं एक मराठी कुटुंब घरी आलं. बाहेर धुकं, स्वयंपाकघरात चहाचं आधण. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने हाच प्रश्न काढला. मी पातेल्याकडे बोट दाखवलं. पाणी तेच, गोठलं की बर्फ, उकळलं की वाफ, तसाच देव एक आणि रूपं तीन. लहानपणी मला असंच शिकवलं होतं. ती वाफेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता, ती कोणाशी? स्वतःशीच?"

सोनू, त्या मुलीने एका वाक्यात जे पकडलं, त्यावर मंडळीने तिसऱ्या शतकात वाद घातला होता. एकच देव तीन वेगवेगळी सोंगं घेतो, असं सॅबेलियसच्या नावाने ओळखलं जाणारं मत होतं. ते नाकारलं गेलं, कारण सोंगं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांवर प्रेम करत नाहीत. अंड्याचा दाखलाही असाच फसतो. टरफल, पांढरं आणि पिवळं हे तीन तुकडे झाले. मग पुत्र म्हणजे देवाचा तिसरा हिस्सा ठरतो. पुत्र निर्माण केलेला आहे, हे एरियसचं म्हणणं ३२५ साली नायसियाच्या परिषदेने फेटाळलं. पवित्र आत्म्याविषयीचा विश्वास ३८१ साली कॉन्स्टंटिनोपलला अधिक स्पष्ट झाला. इतक्या विचाराने उभं राहिलेलं सत्य एका पातेल्यात मावणार नाही. दाखला दिलास, तर तो कुठे तुटतो तेही त्याच तासाला सांग.

माझं म्हणणं असं, की सुरुवात दाखल्याने नको, यार्देन नदीपासून कर. पुत्र पाण्यात उभा आहे, पित्याची वाणी आकाशातून येते, आत्मा कबुतरासारखा उतरतो. तिघेही एकाच क्षणी तिथे आहेत. मुलांना ते चित्र काढायला लाव. मग मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली बाप्तिस्म्याची आज्ञा वाचायला दे आणि विचार, तिथे नावं तीन असून 'नाव' हा शब्द एकवचनी का? त्यानंतर त्यांच्या रोजच्या प्रार्थनेकडे ये. आपण पित्याकडे मागतो, पुत्राच्या नावाने मागतो, आणि आत्मा आपल्याला मागायला शिकवतो. जे ती गुडघे टेकून रोज करतात, त्याचंच हे नाव आहे. आपल्या भाषेने तर शब्दही नेमका दिला आहे. 'त्रैक्य' म्हणताना तीन आणि ऐक्य दोन्ही एकदम उच्चारली जातात.

दत्ताबद्दल विचारणाऱ्या मुलाशी आदराने बोल. त्याच्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेला एकही हलका शब्द लागू नये. एवढंच सांग, की आपण एका देहावरची तीन शिरं मानत नाही. पिता पुत्रावर सर्वकाळ प्रीती करतो, म्हणून जग निर्माण होण्याआधीही देव एकटा नव्हता.

आणि पंडिता रमाबाईंची गोष्ट त्यांना जरूर सांग. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांनी, चेल्टनहॅमला शिकत असताना, त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व त्यांना पटेना. सत्तावीस वर्षांच्या त्या बाईने तसं स्वच्छ लिहिलं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना तो हट्ट वाटला. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील मात्र पत्रांतून धीराने मुद्दे मांडत राहिल्या. रमाबाईंच्या चिमुकल्या मुलीच्या, मनोरमेच्या, धर्मशिक्षणावरूनही मतभेद झाले. ही पत्रं १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने आली. रमाबाईंनी कोणाच्या दडपणाखाली होकार दिला नाही. पण १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनात पवित्र आत्म्याची जी जागृती झाली, तिच्या केंद्रस्थानी त्याच होत्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी १९२२ साली, मृत्यूच्या तोंडावर पुरं केलं. ज्या प्रश्नाला हट्ट म्हटलं गेलं, तो विचारणारीनेच आपल्याला हे बायबल दिलं.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नकोस. आज घरात गप्प बसलेलं मूल उद्या पुण्याला, दिल्लीला नोकरीसाठी जातं, तिथे त्याला कोणी तरी विचारतं, आणि त्याच्याकडे पाठ केलेल्या तीन नावांपलीकडे काही नसतं. देव पूर्ण समजला, असं आपल्यापैकी कोणीच म्हणणार नाही, हेही मुलांना मोकळेपणाने सांग. उत्तर येत नसेल, तर "पुढच्या रविवारी बघू" म्हण, आणि पुढच्या रविवारी खरंच बघ.

तुझा,
मामा