जरी-तरीचे इंग्रजी

आपल्या घरांतील कितीतरी मुले आखातात वा कॅनडात नोकरीस आहेत. रजेचा अर्ज, वरिष्ठांना खुलासा, असले इंग्रजी लेखन आता घरोघरी चालते. मोठाले शब्द आपण कोश उघडून पाहतो. वाक्ये जोडणारे लहान शब्द पाहण्याची गरज मात्र कुणास वाटत नाही. आमच्या मते खरा घोटाळा तेथेच होतो.

आपले 'जरी-तरी' घ्या. 'पाऊस पडला तरी आम्ही निघू' आणि 'पाऊस पडला तरी आम्ही निघालो'. पहिल्या वाक्यातला पाऊस अजून ढगात आहे, दुसऱ्यातला अंगावर येऊन गेला आहे. पण 'पडला तरी' हे शब्द तेच. भेद दाखविण्याचे काम मराठी शेवटच्या क्रियापदावर सोपविते. इंग्रजी जोडशब्दातच निकाल लावते: पहिल्या ठिकाणी 'ईव्हन इफ', दुसऱ्या ठिकाणी 'ईव्हन दो'. आता समजा, रजेवर आलेला मुलगा वरिष्ठांना लिहितो, 'ईव्हन इफ माय मदर इज इल, आय विल रिटर्न ऑन मंडे.' आई खरोखरच अंथरुणाला खिळलेली आहे, आणि वाचणाऱ्यास वाटते, हा नुसती शक्यता बोलतो आहे! 'ईव्हन दो' लिहिले असते तर आईचे दुखणे त्या अर्जात खरे ठरले असते; दोन दिवसांची वाढीव रजा कुणी आपण होऊन देऊ केलीही असती.

'मी येत नाही तोवर थांब' यातला नकारही असाच इंग्रजीत शिरतो. 'वेट अनटिल आय कम' एवढेच पुरे. तेथे 'डोन्ट' नको. 'ड्यू टू' की 'बिकॉज ऑफ' या वादात मात्र आम्ही पडत नाही. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या कोशात 'ड्यू टू'च्या सैल वापराला नाक मुरडले होते. आज तो सर्रास चालतो, आणि त्याने कुणाचे काही बिघडत नाही.

'इफ' आणि 'इन केस' यांचे तसे नाही. 'टेक द अम्ब्रेला इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस लागला तर छत्री घे. 'इन केस इट रेन्स' म्हणजे आभाळ निरभ्र असले तरी घेऊनच नीघ. गंमत अशी की, पुढे 'ऑफ' आला की अर्थ फिरतो. 'इन केस ऑफ फायर, ब्रेक ग्लास' ही सूचना आग लागल्यावरची आहे. खबरदारी म्हणून आधीच काच फोडावयाची नाही. छत्रीच्या 'इन केस'ला आपल्याकडे जुनाच शब्द आहे, 'न जाणो'. 'छत्री घे रे बाबा, न जाणो पाऊस आला तर,' असे म्हणणाऱ्या आजीला इंग्रजीचा गंधही नसे; पण नातवाच्या हाती छत्री पावसाआधीच असे.